गर्दीची वेळ ठरलेली, नाका ठरलेला. मग हवालदार का ठरलेला नाही?

पोस्ट मोठी आहे, पण पाच मिनिटं काढून वाचा. कुणाला शिव्या घालायला लिहिलेली नाही.

मागच्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना (वय ७४) अचानक दम लागला. मुलगा अजून ऑफिसातून यायचा होता. मी आणि वरच्या मजल्यावरचा एक पोरगा, दोघांनी त्यांना खाली आणलं. रिक्षा लगेच मिळाली, रिक्षावालाही चांगला होता. सेक्टरमधून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक. लिंक रोडच्या तोंडाशी आलो आणि रिक्षा थांबली ती थांबलीच.

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. गाडी जागची हलेना. समोर चौकाच्या मधोमध एक बस आडवी, तिच्या पुढे टेम्पो, टेम्पोच्या दोन्ही बाजूंनी बाइकवाले, आणि उलट्या बाजूने घुसलेल्या तीन रिक्षा. कुणाचीच चूक नाही आणि सगळ्यांचीच चूक. काकू माझा हात धरून बसलेल्या. हॉर्न एवढे की त्या काय बोलतात ते ऐकूही येत नव्हतं.

वीस मिनिटं अशीच गेली. शेवटी आमच्याबरोबरचा पोरगा उतरला. त्याला बघून फूड डिलिव्हरीचा एक मुलगा बाइक बाजूला लावून आला. कोपऱ्यावरचा नारळवालाही आला. तिघांनी मिळून काय केलं? एका बाजूच्या गाड्या हात दाखवून अडवल्या. सिग्नल हिरवा असतानाही अडवल्या. बसला पुढे काढलं, टेम्पोला मागे घेतलं, उलट्या रिक्षावाल्यांना चार शब्द सुनावले. पाच मिनिटांत चौक मोकळा.

काकू आता घरी आहेत, तब्येत ठीक आहे. पण ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. रस्ता तोच होता, गाड्या तेवढ्याच, सिग्नल तोच. फक्त मध्ये तीन माणसं उभी राहिली आणि सुटलं. म्हणजे त्या वेळी त्या चौकात कमी काय होतं? रस्ता नाही, माणूस.

आजची पोस्ट फक्त एवढ्यावर आहे. गोराईचा संध्याकाळचा चक्का जाम हा रोजचा, ठरलेल्या वेळचा आणि ठरलेल्या जागेचा आहे. मग तिथला माणूस ठरलेला का नाही?

आधी गोराईचं गणित समजून घेऊ

नवीन राहायला आलेल्यांना कदाचित माहीत नसेल. खाडीच्या अलीकडचं आपलं गोराई हे ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या योजनेतलं. चारकोप, गोराई असे भाग तेव्हा म्हाडाने प्लॉट पाडून, पाणी-गटार-रस्ते देऊन वसवले. छोटे प्लॉट, बैठी घरं, मध्ये चौक, आत अरुंद गल्ल्या. तेव्हा त्या गल्लीत एखादी सायकल, फार तर एक बजाज स्कूटर. आम्ही चाळीतून इथे आलो तेव्हा लोक म्हणायचे, "एवढ्या लांब कशाला जाता?" आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या आणि मधून जायला एका गाडीपुरती वाट.

दुसरी गोष्ट भूगोलाची. आपल्या पश्चिमेला खाडी आणि तिवरं. पलीकडच्या गोराई गावात जायचं तर जेट्टीवरून फेरीबोट, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा. म्हणजे गोराईतून गाडीने बाहेर पडायचं तर पूर्वेलाच, लिंक रोडच्या दिशेने. सगळं गोराई थोड्याशा तोंडांतून आत-बाहेर करतं. शाळेच्या बसेस तिथूनच, गोराई आगाराच्या बेस्ट बसेस तिथूनच, बोरिवली स्टेशनच्या शेअर रिक्षा तिथूनच. रविवारी पॅगोडाला जायला जेट्टीकडे येणारे लोकही तिथूनच.

मेट्रो आली तेव्हा वाटलं होतं लिंक रोड मोकळा होईल. २ए मार्गिका २०२२ मध्ये अर्धी आणि जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पश्चिमेपर्यंत पूर्ण चालू झाली. मी स्वतः रोज मेट्रोने जातो, ती सोय खरंच मोठी आहे. पण मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरसाठी प्रत्येकाला रिक्षा लागते. त्या सगळ्या रिक्षा स्टेशनच्या जिन्याखाली, रस्त्यावर उभ्या. गर्दी कमी झाली नाही, जिन्याखाली येऊन थांबली. उद्या वर्सोवा-दहिसर किनारी रस्ता झाला की त्याचा एक टप्पा चारकोप-गोराईतून जाणार आहे. तेव्हा काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पण याच भूगोलात एक चांगली बातमीही आहे. तोंडं थोडी असल्यामुळे सांभाळायचे नाकेही थोडेच आहेत. माझ्या हिशेबाने तीन. कुठले ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, लहान पोर सांगेल.

सिग्नल आहे, कॅमेरा आहे, मग हवालदार कशाला?

हा प्रश्न मला व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने विचारला. रास्त प्रश्न आहे.

सिग्नलला फक्त वेळ कळते. पुढे जागा आहे की नाही हे साध्या सिग्नलला कळत नाही. समोरचा रस्ता भरलेला असतानाही तो हिरवा होतो आणि आपण सगळे हिरवा दिसला की घुसतो. गाडी चौकाच्या पोटात अडकते. मग आडव्या रस्त्याला हिरवा मिळतो, पण त्यांच्यापुढे आपण उभे. तेही तसेच घुसतात. झाला चौक लॉक. आता चारही बाजूंना हिरवा दिला तरी कुणी हलणार नाही. चौकात पिवळ्या पट्ट्यांची जाळी मारतात ती याचसाठी: पुढे जागा नसेल तर तिच्यात शिरू नका. आपल्यातल्या किती जणांना याचा अर्थ माहीत आहे, खरं सांगा.

गर्दीच्या वेळी हवालदाराचं खरं काम काय? हिरवा असताना गाडी अडवणं. पुढे जागा नाही ना, मग थांब. एवढंच. हे काम कॅमेऱ्याला जमत नाही. कॅमेरा फोटो काढतो आणि चलन मोबाइलवर येतं, तोवर चौक लॉक होऊन गेलेला असतो. मुंबईत ई-चलन २०१६ मध्ये आलं, त्याचा उपयोगही आहे. पण त्यामुळे एक गोची झाली. रस्त्यावरच्या पोलिसाचं काम किती चलनं फाडली यावर मोजलं जातंय अशी लोकांची समजूत झाली आणि हवालदार चौकाच्या मध्ये दिसण्याऐवजी कोपऱ्यात मोबाइल धरून दिसायला लागला. खासगी मोबाइलवर फोटो काढू नका, असं परिपत्रक राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये काढावं लागलं, यातच सगळं आलं.

मला दंडाचं काही म्हणायचं नाही. ज्याने नियम मोडला त्याने भरावा. पण संध्याकाळी सात वाजता मला चौकात दंड करणारा माणूस नको, गाडी अडवणारा माणूस हवा.

हवालदार नाही, पण का नाही?

गुरुवारनंतर मी पाच संध्याकाळी, घरी येताना, त्याच नाक्यावर साडेसहा ते साडेआठ उभा राहिलो. बायकोने वेड्यात काढलं. दोन दिवस हवालदार होता, तीन दिवस नव्हता. जे दोन दिवस होता, त्यातल्या एका दिवशी अर्ध्या तासाने त्याला फोन आला आणि तो बाइकवर बसून गेला. ज्या दिवशी पूर्ण वेळ होता, त्या दिवशी गाड्या हळू होत्या, पण चौक एकदाही लॉक झाला नाही.

त्याच्याशी बोललो. नाव विचारलं नाही, विचारलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. म्हणाला, "साहेब, मी एकटा, नाके चार. वर बंदोबस्त लागला की इथून उचलतात." घर विरारच्या पुढे. सकाळच्या गर्दीलाही त्याला उभं राहायचं आणि संध्याकाळच्याही, मधल्या वेळात घरी जाऊन येणं शक्य नाही. नाक्यावर सावली नाही, लघवीला जायची सोय नाही. त्याच्यासोबत एखादी महिला शिपाई असेल तर तिचं काय होत असेल, विचार करा.

आपण तोंडावर "मामा" म्हणतो, पाठीमागे "पांडू" म्हणतो. पण ऑगस्ट २०१६ मध्ये खारला विलास शिंदे नावाच्या वाहतूक हवालदाराने बिनहेल्मेटच्या पोराला अडवलं, कागद मागितले, म्हणून त्याच्या डोक्यात लाकूड घातलं गेलं आणि ३१ ऑगस्टला ते गेले. पन्नाशीचा माणूस, ड्युटी करताना गेला. एकट्याला चौकात उभं करणं म्हणजे काय हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता आकडा बघा. जुलै २०२३ मध्ये गृहविभागाचाच शासन निर्णय होता. मुंबई पोलिसांत शिपाई ते सहायक फौजदार या पदांची मंजूर संख्या ४०,६२३ आणि त्यातली सुमारे १० हजार पदं रिकामी. म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३,००० जण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घ्यायचं ठरलं. चारातला एक माणूस जागेवर नाही, हे सरकारने स्वतः लिहून दिलं होतं. भरती त्यानंतर होत राहिली आहे, पण शहरातल्या गाड्या भरतीची वाट बघत थांबत नाहीत. मुंबईतली वाहनं ४५ लाखांच्या वर गेली आहेत आणि रस्ते साधारण दोन हजार किलोमीटर. रस्ते तेवढेच, गाड्या रोज वाढतात.

म्हणजे "पोलिस आळशी आहेत" हे उत्तर खोटं आहे. आणि "मनुष्यबळ नाही, काय करणार" हे उत्तर अर्धवट आहे. का अर्धवट, ते सांगतो.

अनंत चतुर्दशीला जमतं, मंगळवारी का जमत नाही?

विसर्जनाच्या दिवशी गोराई जेट्टीचा रस्ता आठवा. अख्ख्या बोरिवलीचे गणपती आपल्याकडे येतात. तरीही सगळं पार पडतं ना? कारण आधी ठरवलेलं असतं. कुठे एकेरी, कुठे पार्किंग बंद, कुठल्या नाक्यावर किती माणसं, किती वाजता कोण. पोलिस असतात, होमगार्ड असतात, मंडळांची पोरं असतात, पालिकेचे लोक असतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीही तसंच.

म्हणजे आपल्या यंत्रणेला वाहतूक सांभाळता येते. पण तिला तारीख लागते. कॅलेंडरवर लाल खूण असेल तर माणूस मिळतो. रोजच्या गर्दीवर लाल खूण नाही. ती सोमवार ते शुक्रवार, आठ ते अकरा आणि सहा ते नऊ, न चुकता येते, म्हणून ती कुणाला "प्रसंग" वाटतच नाही. विसर्जनाची तयारी दहा दिवसांसाठी होते. मी त्याच्या शंभरातला एक भाग मागतोय, पण रोज.

मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा लिंक रोडवर ठेकेदारांचे शिट्टीवाले वॉर्डन उभे असायचे, आठवतंय? जॅकेट घातलेली साधी पोरं. पत्रे गेले, वॉर्डनही गेले. गर्दी राहिली.

पैसे कुठून आणायचे?

होमगार्ड ही संघटना मुंबईतच जन्मली, डिसेंबर १९४६ मध्ये. म्हणजे आपल्याला ही कल्पना बाहेरून आणायची नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने होमगार्डचा रोजचा कर्तव्य भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये केला. आता साधा हिशेब करा. तीन नाके, प्रत्येकी दोन जण. सकाळी वेगळे सहा, संध्याकाळी वेगळे सहा, म्हणजे एकाच माणसाला दोनदा पिळायचं नाही. १२ जण गुणिले १,०८३, म्हणजे दिवसाला १२,९९६ रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर. त्यांच्यावर देखरेखीला वाहतूक शाखेचा एक अनुभवी हवालदार.

होमगार्ड किंवा वॉर्डन चलन फाडू शकणार नाही. नको फाडू दे. चलन हवालदाराने फाडावं. यांनी फक्त हात दाखवून गाडी अडवायची.

रस्त्याच्या काँक्रिटीकरणावर शहरात हजारो कोटी चाललेत. काँक्रीट हवंच. पण त्या काँक्रीटवर गाडी उभीच राहणार असेल तर सव्वातीन लाखांचा माणूस आधी लावून बघायला काय हरकत आहे? तीन महिने लावा. फरक पडला नाही तर काढून टाका, मी इथेच पोस्ट लिहून माझं चुकलं म्हणेन.

पोलिसांचाच एक दाखला

कुणी म्हणेल, पोलिसांच्या ड्युटीच्या वेळा बदलणं सोपं आहे का? २०१६ मध्ये देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. कल्पना एका साध्या पोलिस कर्मचाऱ्याची होती. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली, एका ठाण्यात करून बघितली आणि पुढे २०१८ पासून शहरातल्या इतर ठाण्यांत नेली. म्हणजे खालच्या माणसाचं ऐकलं, छोटं करून बघितलं, मग मोठं केलं. आम्हीही तेच मागतोय. आधी तीन नाक्यांवर करून बघा.

आता आपल्याबद्दल

हे लिहिल्याशिवाय पोस्ट पुरी होणार नाही. त्या गुरुवारी उलट्या बाजूने घुसलेल्या रिक्षांत बसलेले प्रवासी कोण होते? आपणच. "भैया, इधर से निकाल लो" कोण म्हणतं? आपणच. मेडिकलसमोर "दोनच मिनिटं" म्हणून गाडी कोण लावतं? मागच्या महिन्यात मी लावली होती. मागे बस अडकली, कंडक्टर ओरडला, मी हात वर करून सॉरी म्हटलं आणि गोळ्या घेऊनच आलो. आज त्याची लाज वाटते.

पण नागरिकांना शिस्त नाही म्हणून माणूस लावायचा नाही, हा तर्क मला पटत नाही. शिस्त नाही म्हणूनच माणूस लागतो. रोज तोच माणूस त्याच जागी दिसला की शिस्त हळूहळू अंगवळणी पडते. ज्या दिवशी हवालदार पूर्ण वेळ होता त्या दिवशी एकही रिक्षा उलटी आली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याने एकही चलन फाडलं नव्हतं. नुसता उभा होता.

मागण्या चारच

१. गोराईच्या तीन नाक्यांवर सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेला माणूस. रविवारी संध्याकाळी जेट्टीच्या रस्त्यावरही.

२. बंदोबस्तासाठी या वेळेत त्याला उचलायचं असेल तर बदली माणूस आधी लावा, मग उचला. विशेषतः शाळा सुटायच्या आणि ऑफिस सुटायच्या वेळेला.

३. हवालदार कमी असतील तर होमगार्ड किंवा प्रशिक्षित वॉर्डन. प्रशिक्षणाशिवाय नको, नुसती शिट्टी देऊन पोरांना गाड्यांपुढे उभं करू नका.

४. नाक्यावर सावली, पाणी आणि जवळ स्वच्छतागृहाची सोय. हे काम पालिकेचं आणि आपल्या सोसायट्यांचंही. आमच्या सोसायटीने गेटजवळचं टॉयलेट ड्युटीवरच्या पोलिसांना खुलं करायचं मान्य केलंय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण तक्रार घेऊन नेहमी जवळच्या पोलिस ठाण्यात जातो. पण वाहतूक शाखा वेगळी. तिचे प्रमुख सहपोलिस आयुक्त (वाहतूक), कार्यालय वरळीला. अर्ज तिथे जायला हवा, प्रत वॉर्ड ऑफिसला आणि लोकप्रतिनिधींना. सोबत माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारायचाय: गोराईच्या नाक्यांवर गर्दीच्या वेळी किती माणसं नेमलेली आहेत आणि मागच्या तीन महिन्यांत किती दिवस ती दुसरीकडे पाठवली गेली? कागदावर आकडा आला की भांडायची गरज उरत नाही, बोलता येतं.

अर्जाचा मसुदा तयार आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सह्यांसाठी आम्ही चारपाच जण सोसायटीच्या गेटवर बसतोय. कुठल्याही पक्षाचे या, फक्त झेंडा घरी ठेवून या.

"इथे असंच चालायचं" हे गोराईला नवीन नाही. डम्पिंगच्या वासाबद्दलही आपण वर्षानुवर्षं तेच म्हणायचो. खिडक्या बंद करून जेवायचो. ते डम्पिंग बंद झालं, कचऱ्यावर माती आली, गवत आलं. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

काल काकूंना भेटायला गेलो होतो. म्हणाल्या, "अरे, त्या नारळवाल्याला भेटून ये माझ्यातर्फे." गेलो. तो म्हणाला, "रोज दोनतीनदा उतरतो मी मध्ये. धंदा सोडून. कोण करणार दुसरं?"

रविवारी तोही सही करायला येतोय. तुम्ही या.